चार बोटांचे हात

नाईक सरांनी आम्हा बावन्न मुलांना फसवलं. सातवी ब, डोंबिवली पूर्व, गणिताचा तास. फसले त्यात मीही होते, आणि फसताना मला बरं वाटत होतं, हे त्याहून वाईट. पुढे जुनी दारं-खिडक्या विकून मी पोट भरलं, ठाण्यात घर केलं, इमारती पाडणाऱ्या भल्याभल्या ठेकेदारांना घासाघीस करून घाम फोडला. एवढा वाईट सौदा मी पुन्हा कधी केला नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आता पुन्हा मार्च संपत आलाय. आमच्या माजिवड्याच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून एक सावरीचं झाड आहे. बिल्डरने ते कसं काय ठेवलं, देव जाणे. या दिवसांत त्याची बोंडं फुटतात आणि कापूस उडायला लागतो. वारा नसला तरी उडतो. उड्डाणपुलावरच्या गाड्यांच्या वरून, गॅलरीच्या जाळीतून, दुपारच्या उन्हात अगदी सावकाश घरात शिरतो आणि जागा शोधत फिरतो. वार्षिक परीक्षेचा ऋतू माझ्यासाठी हाच. कंपासपेटीतल्या खोडरबराचा वास, पॅडच्या क्लिपचा बोटाला बसलेला चिमटा, दुपारी अडीचला सगळ्या शाळांवर एकदम पडणारी ती शांतता, आणि हा कापूस. सातवी ब च्या खिडकीबाहेरही सावर होती. फळ्यावर भागाकार चाललेला असायचा आणि म्हातारीचे केस फळ्यासमोरून जायचे. मी त्यांच्याकडे बघायचे. मला कोणी काही विचारणार नाही, हे मला ठाऊक असायचं.

माझी मुलगी तन्वी यंदा सातवीत आहे. परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. परवा दुपारी ती जेवणाच्या टेबलावर वही पसरून बसली होती, कुकर शिट्टीला आला होता. मी सहज विचारलं, "तन्वे, अर्ध्याला पावाने भाग."

"दोन," ती वर न बघता म्हणाली.

"कसं?"

"दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं. गुणाकार व्यस्त."

"उलटा का करायचा?"

पेन थांबलं. कुकरची शिट्टी झाली. आणि माझ्या मुलीने, आम्ही दोघीच असलेल्या स्वयंपाकघरात, माझ्यापासून दोन हातांवर बसून, हात वर केला. ताठ, शाळेत करतात तसा. चारच बोटं. अंगठा तळव्यात दुमडून घट्ट दाबून धरलेला.

मी गॅस बंद केला. का ते माहीत नाही, पण आधी गॅस बंद केला.

"हे काय?"

"काय?"

"अंगठा."

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा आणि तिच्या खांद्याला चिकटलेला असावा, तसं पाहिलं. मग म्हणाली, "असंच करायचं असतं ना. येत नसेल तर."

"कोणी सांगितलं?"

"वर्षा मॅडमनी."

ही वर्षा माझ्याच बाकावर बसायची. सातवी ब मध्ये.

तेव्हा असं झालं होतं. नाईक सर आम्हाला गणित शिकवायचे. गोरे, किरकोळ, बोलणं मऊ. इतर मास्तर डस्टर फेकून मारायचे, सरांनी कधी कुणाला बोट लावलं नाही. एका मार्चमध्ये तपासणीचे साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं. आदल्या आठवड्यात सर वर्गात आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मुलांनो, साहेबांसमोर मी प्रश्न विचारीन. सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी. ज्याला येतं त्याने पाचही बोटं दाखवायची. ज्याला येत नाही त्याने अंगठा आत घ्यायचा. मी फक्त पाच बोटांना विचारीन. बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही."

मग सराव झाला. "हात वर." बावन्न हात. बाकांचा आवाज नाही, खोकला नाही. सर फळ्याजवळून आमच्या पंजांवरून नजर फिरवायचे. शेतात उभं राहून पीक बघावं तसं. तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. दुपारचं ऊन तिरपं येत होतं आणि त्या उन्हात हातच हात उभे होते, बहुतेकांना अंगठे नव्हते. ओळखीची पोरं होती सगळी. खाली तोंडं ओळखीची, वर हात अनोळखी. मला एकदम वाटलं, हे हात आमचे नाहीत, कुणीतरी आमच्यात लावून ठेवलेत.

पाच जणांचे अंगठे बाहेर असायचे. वर्षा त्या पाचांत.

तपासणी झाली, साहेब गेले, शाळेला शाबासकी मिळाली. इथवर ठीक होतं, एका दिवसाचं नाटक म्हणून सोडून दिलं असतं. पण सरांना ती पद्धत आवडली. दुसऱ्या दिवशीपासून रोजचा तास तसाच, आणि पुढे आठवी-नववीतही गणिताला सरच होते. प्रश्न, बावन्न हात, पाचांतला एक उठून उत्तर देणार, सर "छान" म्हणणार, फळा पुसणार, पुढचं गणित. अपूर्णांक झाले, ऋण संख्या झाल्या, गुणोत्तर झालं, क्षेत्रफळ झालं. आम्ही सत्तेचाळीस जण अंगठे दाबून त्या सगळ्यातून पलीकडे गेलो. बोगद्यातून गाडी जावी तसे. आत काय होतं ते कुणी पाहिलं नाही.

आणि सांगते, आम्हाला सर फार आवडायचे. मार नाही, अपमान नाही, "मूर्खा, एवढंही येत नाही" नाही. घरी आई विचारायची, "गणित कसं चाललंय गं?" मी म्हणायचे, "छान, रोज हात वर करते." खोटं नव्हतं. आज मी धंद्यातली बाई म्हणून त्या सौद्याकडे बघते तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यांनी आम्हाला त्रास द्यायचा नाही, आम्ही त्यांना द्यायचा नाही. एवढं स्वस्त कुणी काही देत असेल, तर माल बघून घ्यावा, हे बारा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार?

दहावीला मी गणितात उडाले. दोनदा. दुसऱ्यांदा उडाल्यावर बाबांनी मला ठाण्याला खोपटला मावशीकडे पाठवून दिलं, तिथे तरी काही शिकेल म्हणून. मावशीच्या घराखालून एसटी डेपोकडे रस्ता जायचा आणि त्या रस्त्याच्या कडेला हिराबाय बसायची. बाळकुमची आगरीण, सुकट-जवळा असली सुकी मासळी विकायची. मी रिकामी, म्हणून तिच्याजवळ जाऊन बसायला लागले. ती काटा वापरायची नाही असं नाही, पण मुख्य काम हाताने. कागद पसरायचा, वाटे लावायचे. प्रत्येक वाटा दुसऱ्यासारखा. एकदा मी काट्यावर घालून बघितले, तिच्या हातावर विश्वास न बसून. तिने मला शिव्या घातल्या, पण वाटे बरोबर होते.

"शालंत काय शिकलीस गो?" तिने विचारलं.

"अपूर्णांकांचा भागाकार." मला चिडून सांगायचं होतं.

"म्हंजी?"

"अर्ध्याला पावाने भागायचं. दुसरा उलटा करून गुणायचं, दोन येतं."

हिराबाय हसली नाही. तिने अर्धा किलो जवळा माझ्यासमोर कागदावर ओतला. "याचे पाव-पावचे वाटे लाव."

मी दोन वाटे लावले.

"किती जाले?"

"दोन."

"मंग उलटं काय केलंस त्यात?"

भर रस्त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जवळ्याच्या वासाने नाही. तीन वर्षं मी ज्याच्यासमोर अंगठा दाबून बसले होते ते कागदावर पडलेलं होतं, लहान लहान डोळ्यांचं, खारट. एका किलोत पावाचे वाटे चार बसतात. अर्ध्या किलोत त्याचे अर्धे. म्हणून चारने गुणायचं, म्हणून ते उलटं करणं. संपलं. मग तिने पाऊण किलो ओतला आणि अर्ध्या-अर्ध्याचे वाटे लावायला सांगितले. एक पुरा झाला आणि थोडा उरला. "उरला किती?" तिने विचारलं. मी म्हणाले, "पाव किलो." ती म्हणाली, "किलोचा पाव. पन वाटा किती जाला?" अर्धा. पाव आहे आणि अर्धाही आहे, तुम्ही कशाने मोजता त्यावर आहे. हे कुठल्याही वर्गात मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे आयुष्यभर मी याच एका गोष्टीवर जगले.

सहावी-सातवी-आठवीत पोरांनी गणितात काय शिकावं, यावर शाळेच्या सभांमध्ये लोक मोठमोठं बोलतात. मला कोणी विचारलं नाही, तरी सांगते. आकडेमोड करायच्या आधी अंदाज करायला शिकावं. हिराबायच्या हातासारखा. उत्तर मोठं येणार की लहान, हे पेन उचलायच्या आधी सांगता यावं. लिफ्टमध्ये शून्याच्या खाली उणे एक, उणे दोन अशी बटणं आहेत, रोज पोरं ती दाबतात. तळघरातून तीन मजले वर आलं की कुठे पोचतो, ते पोटाला कळायला हवं, सूत्राला नाही. एखादी लांबी दुप्पट झाली की काय दुप्पट होतं आणि काय चौपट, हे हाताने करून बघावं. आणि सगळ्यात आधी, "मला कळलं नाही" हे मोठ्याने, बाकावर बसून, सगळ्यांदेखत म्हणायला शिकावं. नापास झालं तरी चालेल. हे एक वाक्य सातवीत जिभेवर आलं नाही तर पुढे येत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

कारण माझा धंदाच त्यावर चालतो. आता कबूल करते.

पाडायला काढलेल्या इमारतींची दारं, खिडक्या, गज मी उचलते, बाळकुमच्या शेडमध्ये साफ करून विकते. गिऱ्हाईक येतं. जुन्या सागवानी खिडकीसमोर उभं राहतं आणि म्हणतं, "ताई, अशीच पण दुप्पट पाहिजे. उंचीला दुप्पट, रुंदीला दुप्पट." मी म्हणते, "चौकटीला लाकूड दुप्पट लागेल." ते म्हणतं, "हो हो. आणि काचही दुप्पट." काच चौपट लागते. मी गप्प बसते. का बसते? कारण तेवढ्यात मी त्याच्या हाताकडे पाहिलेलं असतं. तोंड "हो हो" म्हणत असतं आणि अंगठा हळूच चार बोटांच्या आत शिरत असतो. इंजिनीअर असो, ठेकेदार असो, साठीचा शेठ असो. न कळलेला माणूस अंगठा लपवतो. हे मला सातवी ब मध्ये कळलं, आणि तिथे मिळालेलं हे एकच ज्ञान माझ्या कामी आलं. अंगठा आत गेला की मी माझा चढा भाव सांगते, न कळलेला माणूस हिशोब विचारत नाही. कोणी परत येत नाही. आलंच तर काच कमी पडल्यावर येतं, तेव्हा मी म्हणते, "मी चौकटीचं सांगितलं होतं, साहेब."

कधीकधी शेडमध्ये दुपारी एकटी असते. भिंतीला टेकून ठेवलेली पन्नास-साठ दारं असतात, कुठलंच दार कुठे उघडत नाही. त्या दारांमध्ये उभी असताना माझा स्वतःचा अंगठा कधी आत गेलेला असतो ते मला कळत नाही. काही विचारलेलं नसतं कोणी. तरी गेलेला असतो. मी बोट-बोट उलगडून तो बाहेर काढते.

कपाटात एक फोटो आहे. तपासणीच्या दिवशी सरांनी स्टुडिओतला फोटोवाला बोलावला होता. सरांनी प्रश्न विचारला आणि त्याने मागून नाही, पुढून फोटो घेतला. बावन्न हात वर. दर मार्चला मी तो काढून अंगठे मोजते. त्या वर्षी पाच होते, मला पक्कं माहीत आहे. गेल्या वर्षी मोजले तर चार भरले. परवा तन्वीचा हात बघितल्यावर पुन्हा काढला. तीन. फोटो पिवळा पडलाय, कडेपासून पांढरा होत आत येतोय, कोपऱ्यातले हात पुसट झालेत, एवढंच आहे ते. तरी मी तो उलटा करून ठेवला.

आणि त्याच फोटोत डाव्या बाजूला साहेबांचा कोट दिसतो. तोंड दिसत नाही, कोट आणि वही दिसते. साहेबांबद्दल पुढे बोलते.

काल मी तन्वीच्या शाळेत गेले. शेवटचा तास होता. जिन्यात कुणी नव्हतं, पाण्याच्या नळाखाली थेंब पडत होता. सातवीच्या वर्गाचं दार लोटलेलं. आतून वर्षाचा आवाज आला, "हात वर."

मी खिडकीच्या गजांमधून पाहिलं. साठेक पोरं. ऊन तिरपं. सगळे हात एकदम, आवाज न करता उभे राहिले, आणि एक क्षण माझं वय गेलं. मी बाहेर उभी आहे की आत बसलेय, ते कळेना. अंगठे मी शोधले नाहीत, ते जवळजवळ नव्हतेच. खिडकीकडून तिसऱ्या बाकावर माझी मुलगी होती. चार बोटं. ती कापसाच्या एका तुकड्याकडे बघत होती, छताखाली फिरणाऱ्या. तिला ठाऊक होतं की तिला कोणी काही विचारणार नाही.

घंटा झाली, पोरं गेली. तन्वीला मी खाली थांबायला सांगितलं.

"अगं तू? ये ना," वर्षा म्हणाली. ती फळा पुसत होती. "तन्वीचं काही नाही हं, शांत मुलगी आहे. अजिबात त्रास नाही."

"वर्षे, अंगठा."

ती हसली. "आठवतंय तुला? सरांची आयडिया! किती सोपं होतं ना. कुणाला मार नाही, काही नाही."

"तू पोरांना तेच शिकवतेस?"

"अगं, साठ पोरं आहेत. पुस्तक संपवायचंय. ज्यांना येतं त्यांना विचारते, तास पुढे जातो. आणि गुरुवारी तपासणी आहे. पोरांनाही बरं वाटतं, विचार हवं तर."

"मलाही बरं वाटायचं."

"मग?"

"मग दहावीला दोनदा उडाले."

"आणि बघ कुठे पोचलीस! आम्ही पास झालो आणि इथे खडू खातोय. तुझ्यासारखी गाडी आहे का माझ्याकडे? तूच आली होतीस ना ॲडमिशनच्या वेळी, 'वर्षे, तू आहेस म्हणून डोळे मिटून टाकते' म्हणत?"

हे खरं होतं. मी डोळे मिटूनच टाकलं होतं. दाराची वाळवी मी बोटाने ठोकून ओळखते, पण पोरीची शाळा न ठोकता घेतली. ओळखीची बाई, हुशार पाचांतली, अजून काय बघायचं. माझा आवाज चढला. बाहेर शिपाई थांबून ऐकायला लागला, मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तो गेला.

"बरं, मला सांग," मी म्हणाले. "अर्ध्याला पावाने भागलं की दोन येतात. भागल्यावर उत्तर लहान व्हायला पाहिजे ना? मोठं कसं झालं?"

"दुसरा उलटा करून गुणायचं म्हणून."

"उलटा का?"

"नियम आहे, बाई. गुणाकार व्यस्त."

"का, वर्षे?"

तिच्या उजव्या हातात खडू होता. ती फळ्याकडे वळली, लिहायला हात उचलला. आणि थांबली. मी दारं विकते, मला हात वाचता येतात. तिचा अंगठा खडूवरून सुटला, हळूहळू खाली उतरला आणि चार बोटांच्या मागे जाऊन बसला. खडू पडला, त्याचे दोन तुकडे झाले. हात मात्र वरच राहिला, फळ्यासमोर, पांढरा. तिला कळलंच नव्हतं. मी बघतेय हे पाहून तिने वर पाहिलं, आणि मग ती आपल्याच हाताला घाबरली.

नळाचा थेंब ऐकू येत होता.

"मला तरी कोणी सांगितलं होतं?" ती अखेर म्हणाली. "आम्हा पाच जणांना सर आदल्या दिवशी उत्तरं द्यायचे. पाठ करून यायचो. आम्हाला वाटायचं, हेच गणित."

तिच्याशी भांडायला गेले होते. मला ते जमलं नाही. मी खाली वाकून खडूचे तुकडे उचलले, टेबलावर ठेवले. दोन अर्धे. जाताना तिने विचारलं, "का असतं गं ते उलटं?" मी तिला सांगितलं. जवळ्याचं सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं. पण गुरुवारचं काय, असं विचारलं तर ती मान हलवून म्हणाली, "तीन दिवसांत साठ पोरांना? साहेब येणार आहेत गं. हात वर झाले नाहीत तर माझं काय होईल?"

आज दुपारी मी टेबलावर मुगाची डाळ ओतली. तन्वीने वाटे लावले. आधी सांग, मग लाव, असं मी म्हणत होते, आणि दोनदा माझा आवाज चढला, कारण मी अशीच आहे. अर्ध्यात पाव किती? पाऊणात अर्धे किती? तिसऱ्यांदा तिने डाळ ओतायच्या आधी सांगितलं, "दीड. पण उरलेला पाव किलो अर्धा वाटा असतो. म्हणजे तो एकाच वेळी दोन्ही आहे. आई, हे भारी आहे." तिचे दोन्ही अंगठे डाळीत होते. मला तिच्या केसांत तोंड खुपसावंसं वाटलं, पण ती अशाने चिडते.

मग ती म्हणाली, "पण आई, गुरुवारी गुणोत्तर विचारणार आहेत. ते मला नाही येत. मग मी काय करू? हात खाली ठेवला तर मी एकटीच दिसेन."

मी म्हणाले, "उभी राहा आणि सांग, कळलं नाही."

"मॅडम अडचणीत येतील."

बारा वर्षांची पोर. सौदा तिला कळलेला आहे. ती डाळ निवडत बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा अंगठा आत गेला.

म्हणून आता साहेबांबद्दल. नाईक सर आता नाहीत, त्यांच्याशी भांडायचं राहून गेलं. वर्षाला कोणी शिकवलंच नव्हतं. राहिले तुम्ही, साहेब. त्या दिवशी तुम्ही आमच्या रांगांमधून चालत आलात, माझ्या बाकाशी थांबलात. माझा हात वर होता. तुम्ही माझ्या तळव्याकडे पाहिलंत, वाकून पाहिलंत. मग तुमच्या दोन बोटांनी माझा दुमडलेला अंगठा चाचपलात, फळ पिकलंय का बघतात तसा. तुमची बोटं गार होती. तुम्ही माझ्या डोळ्यांत पाहिलंत, थोडं हसलात, माझा हात हळूच खाली ठेवलात, "छान" म्हणालात आणि वहीत काहीतरी लिहिलंत. मला तीस वर्षं वाटलं, साहेबांना समजलं नाही. आता माझी खात्री आहे. तुम्हाला सगळं समजलं होतं. तुम्हीही कधीतरी कुठल्यातरी वर्गात हात वर करून बसला होतात.

तुम्ही किंवा तुमच्या खुर्चीवरचं जे कोणी गुरुवारी माझ्या मुलीच्या वर्गात येणार आहे, त्यांना सांगते. खिडकीकडून तिसरा बाक. मी दाराबाहेर उभी असेन, शिपायाला सांगून ठेवलंय, तो मला हटवणार नाही. त्या बाकापाशी थांबा. अंगठा दिसला नाही तर तिचा हात खाली ठेवू नका. तिलाच विचारा. तिला येत नसेल तर तिथे, त्या बाकाशी बसून, तिला येईपर्यंत समजावा. सगळ्या शाळेचा वेळ गेला तरी चालेल. आणि त्याआधी, बाहेर येऊन, माझ्यासमोर उभं राहून, मला एक सांगा. माझा अंगठा तुमच्या बोटांत होता. तुम्हाला ठाऊक होतं. मग मला विचारलं का नाही? नियम सांगू नका. का, ते सांगा.